गाडी वळवली कुणी?

आमच्या टीममध्ये एक संगमनेरकर आहे आणि मी कोल्हारची. एरवी आम्ही एकमेकांच्या डब्यातलं हक्काने खातो. पण पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला, की साहेबांचं तोंड फुगतं. कारण 2025 मध्ये रेल्वेने सांगून टाकलं, की ही सेमी हायस्पीड गाडी नारायणगाव-संगमनेरच्या सरळ वाटेने जाणार नाही. अहिल्यानगर, शिर्डी असा वळसा घेणार. म्हणजे आमच्या बाजूने! "तुमच्या पुढाऱ्यांनी पळवली," हे त्याचं ठाम मत.

पुढाऱ्यांचं पुढारी बघून घेतील. रेल्वेने दिलेलं कारण मात्र भन्नाट आहे. सरळ वाट नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या अंगणातून जाते. ही दुर्बीण ज्यांच्यावर कान ठेवून बसलीय, त्यात दीर्घिकांच्या मध्यावरची महाकाय कृष्णविवरं आहेत. थोडक्यात काय, आपल्या गाडीचा रूट ब्लॅक होलने बदलला. (हे ऐकवल्यावर त्याने मला स्टेपलर फेकून मारायचाच बाकी ठेवला.)

ब्लॅक होल म्हटलं की आपल्याला विश्वाचा व्हॅक्यूम क्लीनर आठवतो. तसं काही नसतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरही एक आहे, सूर्याच्या सुमारे 40 लाख पट वस्तुमानाचं. 2022 मध्ये त्याचा फोटोही आला. ते आपल्यापासून 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि बरंचसं उपाशी, त्यामुळे शांत. ज्यांच्या ताटात वायू भरपूर पडतो, त्यांची गोष्ट वेगळी. वायू गरगर फिरत आत जाताना प्रचंड तापतो आणि त्यातला काही भाग आत न पडता जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. हे झोत लाखो प्रकाशवर्षं लांब जाऊ शकतात आणि रेडिओ लहरींमध्ये झळकतात. डोळ्यांना पत्ताही लागत नाही, पण अँटेनाला लागतो.

खोडद आणि आसपास अशा 30 अँटेना आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची, 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एवढ्या मोठ्या डिश भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि बिल दोन्ही आभाळाला भिडलं असतं. म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने दोऱ्यांवर ताणून बसवलेली तारेची जाळी वापरली. वारा आरपार निघून जातो. मला हा जुगाड कुठल्याही गॅजेटपेक्षा सेक्सी वाटतो.

आणि त्या जाळीत काय सापडावं? भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 39 कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा पुंजका आहे. त्यातल्या तप्त वायूला एक खळगा पडलेला 2016 मध्ये एक्स-रे दुर्बिणीने पाहिला होता. पण तो इतका अवाढव्य, की स्फोटाचा असेल यावर कुणाचा विश्वास बसेना. मग ऑस्ट्रेलियातली एक रेडिओ दुर्बीण आणि आपली जीएमआरटी, दोघींच्या नोंदी तपासल्या. खळग्याच्या जागी रेडिओ लहरींचं उत्सर्जन चपखल बसलेलं! 2020 मध्ये जाहीर झालं, की तिथल्या मधल्या कृष्णविवराने केलेला हा तोवर दिसलेला सर्वांत शक्तिशाली स्फोट. त्या खळग्यात आपल्यासारख्या पंधरा आकाशगंगा ओळीने मावतील.

तिथून येणारा सिग्नल किती क्षीण असतो? चंद्रावर कुणी मोबाईल चालू ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक ठरेल. आता विचार करा, शेजारून विजेवरची गाडी धडधडत चाललीय, पँटोग्राफ तारेला घासतोय आणि ठिणग्या उडताहेत. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटंसं रेडिओ स्टेशनच. त्या गोंगाटात 39 कोटी वर्षं प्रवास करून आलेली कुजबुज ऐकायची कशी?

तरी संगमनेरकराचा राग खोटा नाही. त्याने चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धी तरुणाई घालवलीय. जीएमआरटीच्या परिसरात कारखाना काढायचा तर तिची ना हरकत लागते, म्हणून तिकडची मुलं नोकरीला पुण्यात येतात आणि सणाला घरी जायला पुन्हा चाकणच. विश्वाच्या कानासाठी जुन्नर-संगमनेरनेच का सोसायचं, हा प्रश्न रास्त आहे. आणि मी तरी कुठे हसू? गाडी शिर्डीला थांबेल. कोल्हारला स्टेशन नाहीच.

पण 30 अँटेना उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. रूळ आखता येतात. दुर्बिणीला त्रास होणार नाही इतकंच अंतर राखून, कमी वळशाची वाट शोधायचे पैसे सरकारने खर्च करावेत, असं मी त्याला म्हटलं. "म्हणजे तू आमच्या बाजूने?" तो उडालाच.

असो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटीचं विज्ञान प्रदर्शन भरतं, अगदी सगळ्यांसाठी खुलं. वीकेण्डला लोणावळाच हवं असं थोडंच आहे? सकाळी लवकर निघा, नारायणगावात मिसळ हाणा आणि अँटेनांजवळ पोचलात की मोबाईल बंद ठेवा.