देवाच्या नांवाचें मत आणि कापसाचा भाव

निवडणूक आली कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत देवांना पाय फुटतात. एरवीं आपापल्या जागीं स्वस्थ बसणारे देव पुढाऱ्यांच्या मोटारींत बसून दारव्हा, पुसद, वणी करीत गांवोगांव फिरूं लागतात. शेतकरी व बलुतेदार बंधुभगिनींनो, या देवांच्या वकिलांस एकच विचारा: धर्म कोणता तें राहूं द्या, हात कोणाच्या बाजूनें वर करणार, पऱ्हाटी पेरणाऱ्याच्या कीं कापूस तोलून घेणाऱ्याच्या?

हा प्रश्न हॉलंडांत विचारला गेला आहे. आपल्या जुन्या दप्तरांतील वलंदेजांचा तो देश. तेथें १९८० सालीं तीन जुने ख्रिस्ती पक्ष मिळून एक बलाढ्य पक्ष झाला. गरिबांस न्याय आणि अण्वस्त्रांस विरोध हाच ख्रिस्ताचा उपदेश मानणाऱ्या कांहीं ख्रिस्त्यांस तो पटला नाहीं. त्यांनीं १९८१ सालीं वेगळी चूल मांडून ‘शुभवर्तमानी लोकपक्ष’ काढला. १९८२ सालीं दीडशें जागांपैकीं बलाढ्य पक्षास ४५ मिळाल्या, यांस अवघी १. पुढें त्या बलाढ्य पक्षाच्या सरकारनें बेकारांच्या भत्त्यास कात्री लावली. शुभवर्तमान दोघांचें एकच. पण एकाच्या हातीं कात्री, दुसरा गरिबाच्या बाजूस!

१९८६ सालीं ती एक जागाही गेली. भाविकांनीं मोठ्या झेंड्याकडे पाहिलें, त्याखालची कात्री पाहिली नाहीं. तरी हे लोक खचले नाहींत. १९८९ सालीं कम्युनिस्टांसह आणखी तीन डाव्या पक्षांशीं हात मिळवून ते ‘ग्रीनलिंक्स’ नांवानें लढले व सहा जागा जिंकल्या. प्रार्थना करणारा आणि देव न मानणारा एका बांकावर बसले. आभाळ कोसळलें नाहीं.

कोणी म्हणेल, ख्रिस्त्यांच्या गोष्टी आम्हांस कशाला? अहो, पाद्री तयार करणारें विद्यालय १९५३ पासून १९८३ पर्यंत याच यवतमाळांत होतें. आणि जोतीरावांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त ख्रिस्तास बळीराजाच्या पंक्तीस बसविलें. आम्ही धर्म बदला म्हणत नाहीं. पंक्ति ओळखा म्हणतों.

२००६ सालीं पंतप्रधान मनमोहनसिंगांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींची मदत जाहीर केली. त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहींत. २०१७ सालीं कपाशीवर औषध फवारतांना याच जिल्ह्यांत शेतकरी नि मजूर विषबाधेनें मेले. विषानें कोणाची जात विचारली नाहीं. मग मत देतांना आपणच ती कां विचारावी?

म्हणून दारीं येणाऱ्यास भाव विचारा, कर्जाचें व्याज विचारा, फवारणाऱ्याच्या जिवाची हमी विचारा. उत्तर चोख देईल तो कोणत्याही देवाचा असो, आपला. जो उत्तराऐवजीं प्रसाद पुढें करील, त्याचा प्रसाद घ्या. मत देऊं नका.