वहीतली नानी

आमच्या परिचयातील एक आपा तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. नववीच्या वर्गाला त्यांनी निबंध दिला, ‘माझी नानी’. साठ वह्या आल्या आणि निम्म्याहून अधिक वह्यांत नानी एकच! कुटुंबाचा भक्कम आधारस्तंभ, प्रेरणेचा अखंड झरा, वगैरे. सगळे भारदस्त इंग्रजीत, स्पेलिंगची एकही चूक नाही. आपा म्हणाल्या, “आधी चुका तपासून हात दुखायचा. आता चूकच सापडत नाही, त्यामुळे पोर कुठं अडलंय तेच कळत नाही.”

मोबाइलने लिहून दिलेली नानी ती! एका मुलीला उभे केले, तर स्वतःच्याच वहीतला ‘पिव्होटल’ शब्द तिला वाचता येईना. मग आपांनी घरच्या दखनीत विचारले, “तेरी नानी सुबू उठको क्या करती गे?” मुलगी बोलू लागली. नानी फजरच्या आधी उठते. तिला वाचता येत नाही, म्हणून गोळ्या रंगावरून ओळखते, तरी रोज नातीला दाखवून खात्री करून घेते. आपांनी फळ्यावर तिच्याकडूनच सोप्या इंग्रजीत पाच वाक्ये लिहून घेतली. दोन ठिकाणी ती चुकली, तिथे थांबून शिकवता आले. पण तेवढ्यात तास संपला. उरलेल्या एकोणसाठ नान्यांचे काय?

आम्ही मोबाइलच्या विरोधात नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून धडा ऐकता येतो, उच्चार पुन्हापुन्हा ऐकता येतात. ज्या गावात शाळेबाहेर कुणी इंग्रजी बोलत नाही, तिथे ही मोठीच सोय आहे. खुद्द आपा उर्दू माध्यमातून शिकल्या, त्यांनीही कित्येक उच्चार असेच ऐकून सुधारले. इतर विषयांचे शिक्षकही बहुतेक मराठी किंवा उर्दू माध्यमाचे. ते विज्ञानाचे वाक्य इंग्रजीत वाचतात, हिंदीत समजावतात आणि उत्तर इंग्रजीत लिहून देतात. मूल ते पाठ करते. पुढे विज्ञानात मार्क कमी पडले की ठपका इंग्रजीच्या शिक्षिकेवर!

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे. आमच्या घरची भाषा दखनी, तिची शाळा कुठे काढणार? मराठी आणि उर्दू तिच्या जवळच्या (दखनीतले ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरूनच तर आले), पण पालकांना आता तीही माध्यमे नकोशी झाली आहेत. आम्ही त्यांना दोष देत नाही. नोकरीच्या मुलाखतीत अडलेला बाप आपल्या लेकराला त्याच दारात कसा उभा करील?

आपांनी आता लेखी निबंध वर्गातच घ्यायचे ठरवले आहे. घरी फक्त ऐकायचे, रोज पाच मिनिटे, आणि दुसऱ्या दिवशी तोंडी सांगायचे. आठवडाभरात एक गोष्ट ध्यानात आली. मुलगे ऐकून येत होते, मुली येत नव्हत्या. घरात मोबाइल एकच, तो अब्बांच्या किंवा भाईजानच्या खिशात. निबंधापुरता पाच मिनिटे मागून मिळायचा, रोज कोण देणार? पालकसभेत एक वालिद स्पष्टच म्हणाले, “मुलीच्या हाती मोबाइल देणार नाही.” त्यांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही मुलींचे आईबाप आहोत. पण आपांनी मुलीच्या हाती मोबाइल मागितलाच नव्हता. इशानंतर बैठकीत, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात धडा लावा, नानीलाही ऐकू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

चार-पाच घरांत हे सुरू झाले आहे. त्या पाच वाक्यांच्या मुलीच्या घरी अजून नाही. तिचे वालिद गॅरेजमधून रात्री दहाला परततात, आणि तोवर ती झोपलेली असते.