साठीनंतरच्या शिकाऊंसाठी वर्ग कुठे?

अलिबाग : मुले नोकरीनिमित्त मुंबई-पनवेलला गेल्याने मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांतील अनेक घरांत ज्येष्ठच मागे उरले आहेत. राज्याने २०१३ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण आखले, २०१८ मध्ये ज्येष्ठत्वाचे वय ६५ वरून ६० वर आणले. विरंगुळ्याची कल्पना मात्र बाकडी आणि वर्तमानपत्रांपलीकडे फारशी सरकलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन गायन, नृत्य, चित्रकला आरोग्यास उपकारक असल्याचे नमूद केले. समूहगायनात श्वास, स्मरण आणि सोबत एकदम साधतात. कोकणातील भजनी मंडळांना हे सांगावे लागत नाही. पण मंडळाला तयार गळा हवा असतो. साठीनंतर पेटीला प्रथमच हात लावणाऱ्याने शाळकरी मुलांच्या रांगेत बसावे काय? सायंकाळी रिकाम्या राहणाऱ्या शाळांच्या खोल्या उघडल्या, तरी प्रारंभ होऊ शकेल.