जुनी गाडी, परकें इंजिन

कोंकणांतील पुष्कळ घरांच्या आगरांत, माडाखालीं किंवा गोठ्याच्या कडेस, एखादी जुनी जीप उभी असलेली दिसते. आजोबांनीं ती हौसेनें घेतलेली असते. तिनें बागेंतला आंबा बाजारास नेलेला असतो, रात्रीं-अपरात्रीं डॉक्टर आणलेला असतो, घरच्या लेकींना सासरीं पोंचविलेलें असतें. पुढें इंजिन थकतें, दुरुस्ती आज-उद्यांवर पडते आणि चार पावसाळ्यांत ताडपत्रीखालीं गंज आपलें काम करूं लागतो. अशाच एका गाडीविषयीं रत्नागिरी तालुक्यांतून आमच्याकडे पत्र आलें आहे. घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें, भंगारवाल्याकडून एखादें डिझेल इंजिन आणून तें घरींच बसवावें. वडील मंडळींचें म्हणणें, वडिलांच्या हातची गाडी आहे तशी राहूं द्यावी. नपेक्षां विकून मोकळें व्हावें. उभय पक्ष हट्टास पेटले असून निवाडा आमच्यावर सोंपविला आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाहीं, म्हणून या महिन्यांत त्याचा विचार जरा विस्तारानें करीत आहों.

आमचा अभिप्राय आरंभींच सांगतों. जुन्या गाडीस दुसरें इंजिन बसविणें यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु तें केवळ इंजिनाचें काम आहे ही समजूत चुकीची आहे. घरांत नवी सून आली म्हणजे तिनेंच सर्वांशीं जुळवून घ्यावें अशी आपली जुनी रीत; आणि ती रीत पुष्कळ घरांच्या असमाधानाचें मूळ ठरली आहे. सून सुखानें नांदावी असें ज्यांना वाटतें, ते आधीं आपलें घर थोडें बदलतात. गाडीचेंही तसेंच. परकें इंजिन आणावयाचें तर गिअरबॉक्स, धुरा, पाटे, रेडिएटर, विजेच्या तारा आणि मुख्यत्वेंकरून ब्रेक यांनीं त्याच्यासाठीं जागा करून दिली पाहिजे.

या उद्योगाची पूर्वपीठिका मनोरंजक आहे. जीप ही मूळची लढाईंतली गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं ती लाखोंनीं बनविली. स्वातंत्र्य आलें त्याच सालापासून, म्हणजे १९४७ पासून, ती महिंद्र कंपनीच्या द्वारें आपल्याकडे येऊं लागली. तिचें पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचें, २१९९ घनसेंटिमीटरांचें. स्वभावानें गरीब, पण खाण्यास मोठें. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, भाव कडाडले, आणि पेट्रोलची जीप पोसणें मध्यम स्थितीच्या घरास जड होऊन बसलें. मग डिझेलचे दिवस आले. महिंद्र कंपनीनें आपल्या ट्रॅक्टरच्या कुळींतलें डिझेल इंजिन जीपला देऊन पाहिलें; पुढें १९७९ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं करार करून एक्सडीपी ४.९० हें इंजिन घेतलें. त्याच्या नांवांतच त्याचें वर्णन आहे: सिलिंडर ४, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धांव ८३ मिलिमीटर. शाळेंतल्या मुलानें हिशेब केला तरी उत्तर २११२ घनसेंटिमीटर येईल. म्हणजे आकारमानानें तें जुन्या पेट्रोल इंजिनाच्या पंगतीचेंच. जुन्या जीपसाठीं मेस्त्री लोक याच इंजिनाकडे वळतात तें उगीच नव्हे.

इंजिनांची अशी अदलाबदल मोठमोठ्या कारखान्यांनींही केली आहे. मुंबईच्या प्रीमियर कारखान्यानें १९८५ च्या सुमारास इटलीच्या फियाट १२४ च्या सांगाड्यांत जपानच्या निसान कंपनीचें ११७१ घनसेंटिमीटरचें इंजिन बसवून ११८ एनई ही मोटार काढली; ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. आपल्या परिचयाच्या अँबॅसडर मोटारीस आरंभीं विलायती बनावटीचें पेट्रोल इंजिन होतें. १९८० च्या सुमारास तीस डिझेल इंजिन मिळालें आणि नव्वदीच्या दशकांत इसुझूचें १८१७ घनसेंटिमीटरचें. या शेवटच्या बदलांत वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. नव्या इंजिनाबरोबर कारखान्यानें पांच गिअरांचा नवा गिअरबॉक्सही दिला. ज्यांच्यापाशीं इंजिनियर, नकाशे आणि चांचणीचे रस्ते होते, त्यांनींही केवळ इंजिन बदलून भागविलें नाहीं; मग आगरांत काम करणाऱ्यांनीं किती सावध असावें हें सांगणें नको.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. इंजिन उतरविण्यास साखळीची कप्पी लागते. ती पडवीच्या वाशास किंवा जुन्या तुळईस कदापि टांगूं नये. कौलांचें ओझें वाहणारें लांकूड कित्येक मणांचा हा लोखंडी गोळा लोंबकळतांना पेलीलच असें नाहीं, आणि आंतून वाळवीनें पोखरलेलें असल्यास तें बाहेरून कळतही नाहीं. लोखंडी तिकाटणें भाड्यानें आणावें, आणि लहान मुलांस त्या दिवशीं आजोळीं धाडावें.

पहिली खरी अडचण इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याची. दोन्ही भिन्न घराण्यांतले असले कीं मध्यें लोखंडी प्लेट करून घ्यावी लागते. या प्लेटचीं भोंकें बसलीं म्हणजे काम झालें असें लेथवाल्यास वाटतें. पण इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य एका रेषेंत आहे कीं नाहीं हें डायल गेज लावून पाहिल्याखेरीज पुढें जाऊं नये. केसभर अंतर राहिलें तरी गाडी प्रथम चालते, म्हणूनच हा दोष फसवा. कांहीं महिन्यांनीं क्लचप्लेट मध्यभागीं फाटते, बेअरिंग गाऊं लागतें आणि चढावर गिअर आपोआप निसटतो. चारही चाकांस जोर देणाऱ्या जीपमध्यें आणखी एक पेंच आहे. पुढचा धुरा इंजिनाच्या अगदीं खालीं असतो. तेलाचें पात्र खोल असलें तर खड्ड्यांत पाटे दबतांच धुरा त्यावर आदळतो. इंजिन विकत घेण्यापूर्वींच हें माप घ्यावें.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या जीपच्या धुऱ्यांतील पिनियनला ८ दांते व क्राउनला ४३ दांते असतात. म्हणजे दांडा सुमारें ५.३८ वेळां फिरला म्हणजे चाक एकदां फिरतें. समजा, कोणी मिनिटास २२०० फेरे घेणारें ट्रॅक्टरचें इंजिन बसविलें. वरच्या गिअरांत चाकाचे फेरे मिनिटास ४०९ होतील. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला तर गाडी मिनिटास ९२० मीटर, म्हणजे तासास ५५ किलोमीटर जाईल. त्याहून अधिक नाहीं. बागेंतल्या वाटेला तें पुरेसें आहे. कोल्हापूरच्या रस्त्यास मात्र इंजिन जिवाच्या आकांतानें ओरडत राहील. भंगारांतलें स्वस्त इंजिन पाहून भुलणाऱ्यांनीं हा पांच ओळींचा हिशेब आधीं कागदावर मांडावा. पुढचे हजारों रुपये वाचतील.

तिसरी गोष्ट कोंकणाच्या पावसाची. कित्येक जुन्या जीपांत काचेवरील वायपर विजेवर चालत नसत. पेट्रोल इंजिन श्वास घेतांना जी ओढ निर्माण करतें, तिच्यावर ते चालत. डिझेल इंजिनांत बहुधा तशी ओढ नसते. अर्थात् इंजिन बदललें कीं वायपर मुके होतात. वैशाखांत काम उरकून आनंदानें गाडी बाहेर काढणाऱ्यास हें मृगाच्या पहिल्या सरीस कळतें! तेव्हां विजेचे वायपर आधींच बसवावेत. विजेच्या जुन्या तारा ६ व्होल्टच्या असल्या तर त्या सर्वच बदलाव्यात. डिझेल पंपाकडून उरलेलें तेल टांकीस परत नेणारी वेगळी नळी लागते, ती विसरूं नये. टांकी आंतून खरवडून स्वच्छ करावी. आपल्या खाऱ्या हवेनें तिच्या पोटांत साठलेला गंज पंपाच्या सूक्ष्म भागांस विषासारखा आहे. शिवाय जुनें डिझेल इंजिन नुसती किल्ली फिरवून बंद होईलच असें नाहीं. त्यास तेल तोडणारी ओढतार असते. ती चालकाच्या हाताशीं असावी, आणि घरांत गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास, स्त्रियांसही, ती दाखवून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हीं शेवटीं ठेविली आहे, ती ब्रेकची. आंबा घाट चढण्याचें बळ नवें इंजिन देईल. पण तोच घाट उतरतांना जीव सांभाळणारे असतात ते ब्रेक. नवें इंजिन जड असलें तर पुढच्या पाट्यांवर भार वाढतो आणि थांबण्यास अंतर अधिक लागतें. म्हणून आमचा नियम असा कीं, इंजिनासाठीं काढलेल्या पैशांतून पहिला खर्च ब्रेक, पाटे व टायर यांवर व्हावा. एवढें केल्यावर इंजिनास पैसा उरत नसेल, तर तें काम पुढील वर्षावर ढकलावें.

आतां कायद्याविषयीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील मूळ कारखान्यानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. गॅस, वीज वगैरेंसाठीं मान्य साहित्य बसविण्याची वाट ठेविली आहे, पण तीही अटींनीं बांधलेली. २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मान्यता नसलेल्या फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. तेव्हां इंजिन घेण्याच्या आधीं रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयांत लेखी अर्ज करून विचारावें, आणि उत्तरही लेखीच घ्यावें. “सगळेच करतात” हा मेस्त्रीचा दिलासा अपघातानंतर विमा कंपनीपुढें कवडीमोल ठरतो. भंगारांतील इंजिन घेतांना त्याच्या मूळ गाडीचे कागद व खरेदीची पावती मागून घ्यावी. चोरीच्या मालाचा नंबर आपल्या घरच्या गाडीवर चढणें यासारखी नामुष्की नाहीं.

वडील मंडळींच्या बाजूनेंही कायद्यांत एक मुद्दा आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठीं निराळ्या नोंदणीचे नियम केले. मात्र गाडी मूळ स्वरूपांत असावी ही त्यांत मुख्य अट आहे. परकें इंजिन बसविलेली जीप हा मान गमावून बसण्याचा संभव आहे. अशी गाडी रोजच्या वापरास नसते, हेंही खरें. म्हणून आजोबांची जीप स्मृति म्हणून राखावयाची कीं बागेच्या कामास जुंपावयाची, हें घरानें एकत्र बसून आधीं ठरवावें. स्मृति राखावयाची असेल तर मूळ इंजिनच उघडून नवें बोअर, नवे दट्टे, नवीं बेअरिंगें घालावीं. हें काम बहुधा अदलाबदलीपेक्षां सोपेंही असतें आणि त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. कामास जुंपावयाची असेल आणि परवानगी मिळत असेल, तर त्याच कारखान्यानें त्याच जातीच्या गाडीस पुढें दिलेलें इंजिन निवडावें. तें गिअरबॉक्ससकट घेतल्यास निम्मे पेंच आपोआप सुटतात. आणि काढलेलें मूळ इंजिन तेल लावून, तोंडें बंद करून माळ्यावर नव्हे, तर कोरड्या जमिनीवर फळीवर ठेवावें. पुढच्या पिढीचें मन निराळें असूं शकेल; तिच्यासाठीं परतीची वाट मोकळी असावी.

तरुणांच्या उत्साहास मात्र वडिलांनीं हिणवूं नये. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं बेताच्या शिक्षणावर, स्वतःच्या बळानें ‘मीरा’ नांवाची छोटी मोटार बांधली आणि कित्येक वर्षें तिचे नवनवे नमुने केले. ती बाजारांत आली नाहीं. पण आपल्या मुलखांतला एक गृहस्थ अख्खी मोटार घडवूं शकतो हें तिनें दाखवून दिलें. हात काळे करून शिकलेलें यंत्रज्ञान पुस्तकांतून येत नाहीं. मुलांना पडवी द्यावी, एक वही द्यावी, आणि प्रत्येक खर्च व प्रत्येक माप तींत लिहिण्याची अट घालावी. मुलांनींही वडिलांचा संशय हा अडथळा न मानतां तपासनीस मानावा.

गाडी चालूं लागली म्हणजे पहिले काहीं दिवस ती मोकळी, सपाट रस्त्यावर, दिवसाउजेडीं चालवावी. रोज उतरून सांधे, नळ्या आणि तेल पाहावें. त्यानंतर ब्रेकची परीक्षा दुसऱ्या जाणत्या मेस्त्रीकडून करून घ्यावी. हें सर्व पार पडेपर्यंत लहान मुलांस व वृद्धांस तींत बसवूं नये, मग घरचा आग्रह कितीही असो.