पोटॅशियम : वयाचा आणि मूत्रपिंडाचा हिशेब

वसईची केळी आणि सुकेळी यांची ओळख वाचकांना नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना केळी किंवा शहाळे नेण्याची आपली रीतही जुनीच. या साऱ्यांत पोटॅशियम विपुल असते. हृदयाचे ठोके नियमित राहण्यासाठी, स्नायू व मज्जातंतूंच्या कार्यासाठी ते अनिवार्य आहे. शिवाय मिठामुळे वाढणारा रक्तदाबही ते काही अंशी आवरते.

वयानुसार त्याची गरज बदलते. अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमींनी 2019 मध्ये ठरविलेले प्रमाण असे : पहिले सहा महिने रोज 400 मिलिग्रॅम (ते आईच्या दुधातूनच मिळते), पुढे वर्षापर्यंत 860, एक ते तीन वर्षे 2000 आणि चार ते आठ वर्षे 2300. प्रौढांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 3500 मिलिग्रॅम सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा जवळपास तोच असून तो गर्भवती व स्तनदा मातांनाही लागू आहे. एका मध्यम केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असते; उरलेली गरज डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, बटाटा, दूध व मासळी भागवितात. निरोगी माणसाला गोळ्यांची गरज नसते.

साठीनंतर कागदावरचा आकडा बदलत नाही. बदलते ते मूत्रपिंड. जादा पोटॅशियम मुख्यत्वे लघवीवाटे बाहेर पडते. मधुमेह, उच्च रक्तदाब वा वार्धक्य यांमुळे मूत्रपिंड मंदावले, की ते रक्तात साठू लागते. त्यातच टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे चालू असतील तर पातळी आणखी वाढू शकते. याउलट फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळीने ती घटते. म्हणूनच एकाच घरात आजोबांना हितकर ठरलेले शहाळे आजींना अपायकारक ठरू शकते.

‘कमी सोडियमचे’ मीठ घेताना विशेष सावध राहावे. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये. सुकेळ्यांतील पाणी आटते, पोटॅशियम मात्र उरते. हेही ध्यानी असावे.

रक्तातील पोटॅशियम साधारणपणे 3.5 ते 5 या मर्यादेत असावे. ते वाढले तरी पुष्कळदा कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणून वरील औषधे सुरू केल्यावर वा मात्रा बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे. पथ्य सांगितले असल्यास भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडाव्यात व ते पाणी टाकून द्यावे. हातापायांतील बळ अचानक गेल्यास, ठोके अनियमित झाल्यास किंवा भोवळ आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मात्र हे वाचून कोणी आपली औषधे परस्पर बंद करू नयेत, की निरोगी माणसाने केळे वर्ज्य करू नये. पुढील तपासणीस जाताना ज्येष्ठांच्या सर्व गोळ्या, शेवटचा रक्ताचा अहवाल आणि स्वयंपाकघरातील मिठाचे पाकीट सोबत न्यावे.