दिसले का?

अंदमानहून परत आल्यापासून मला माणसं एकच प्रश्न विचारतात. तब्येत कशी आहे, बोट लागली का, समुद्र खरंच तसा निळा आहे का, हे सगळं नंतर. आधी आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून विचारतात, "काय हो, दिसले का?"

हाच प्रश्न हीच माणसं ताडोब्याहून आलेल्या माणसालाही विचारतात. तिथे तो "दिसला का?" असा असतो, कारण वाघ एकवचनी. इथे तो अनेकवचनी असतो, कारण चौकशी जारवांची असते. आता एका प्रश्नात वाघ असावा, दुसऱ्यात माणसं असावीत आणि दोहोंत फरक फक्त वचनाचा असावा, हे मला सहन होईना म्हणून हा लेख लिहायला बसलो. तेव्हा वाचकहो, गंमत वाचायला आला असाल तर अर्धी मिळेल. उरलेल्या अर्ध्यात मी भांडणार आहे. आधीच सांगितलेलं बरं.

साहस म्हणून माझ्या नावावर आजवर जमा असलेली रक्कम फारच तुटपुंजी. सिंहगडावर एकदा पिठलं-भाकरी खाऊन त्याच वाटेनं उतरलो होतो. आणि नोकरीत असताना एकदा साहेबांना "मला जमणार नाही" असं ठणकावून सांगायला त्यांच्या केबिनपर्यंत गेलो आणि "जमेल" असं सांगून परत आलो. अशा माणसाच्या हातात सोसायटीतल्या नानांनी एका सहल कंपनीचं पत्रक ठेवलं. 'आयुष्यातली पहिली साहस-सहल! अंदमान!' पत्रकात साहस हा शब्द सहा वेळा होता आणि 'महाराष्ट्रीय जेवण' सात वेळा. या प्रमाणामुळे मला धीर आला. मी पैसे भरले.

पैसे भरले तेव्हा आम्ही पोर्ट ब्लेअरला जाणार होतो. त्या २०२४ च्या सप्टेंबरात त्या गावाचं नाव श्रीविजयपुरम झालं आणि डिसेंबरात आम्ही तिथे उतरलो. नाना विमानतळावर सगळ्यांना सांगत होते, "बघा, एका तिकिटात दोन गावं."

साहसाला सुरुवात हॅवलॉकला झाली. या बेटाला २०१८ च्या अखेरीपासून स्वराज द्वीप म्हणतात. इथे माणसाच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्याला समुद्रात सोडतात. आधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात 'रक्तदाब आहे का?' असा प्रश्न होता. मी 'आत्ताच सुरू झाला' असं लिहिणार होतो, पण सौ.नं आपला फॉर्म भरून दिलासुद्धा होता. मग काय करता?

पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर 'सगळं ठीक', आणि अंगठा वर केला तर 'मला वर न्या'. मी खाली गेलो. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या नाकासमोरून शाळा सुटल्यासारखे गेले. मला इतका आनंद झाला की मी जन्मभराच्या सवयीनं त्या शिकवणाऱ्या मुलाला अंगठा वर करून दाखवला. त्यानं मला वर आणलं. पुन्हा खाली. पुन्हा मासे, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी त्यानं माझा अंगठाच मुठीत धरून ठेवला.

सौ. एकदाच खाली गेली आणि वेळ संपल्यावरच वर आली. केस पुसत म्हणाली, "छान होतं. पण कुणाच्या तरी घरात न विचारता गेल्यासारखं वाटत होतं. हात लावू देत नाहीत ते बरं करतात." खरंच देत नाहीत. प्रवाळ जिवंत असतं, त्याला स्पर्श करायचा नाही. माशांना खायला घालायचं नाही. किनाऱ्यावरचा शंख-शिंपला पिशवीत घालून न्यायचा नाही. विमानतळावर सामान तपासतात. आमच्यातल्या एका बाईंनी शोकेससाठी उचललेलं प्रवाळ निमूटपणे परत वाळूत ठेवलं. इतकी शिस्त मी मराठी माणसांत पंगत वाढल्यावर श्लोक संपेपर्यंतसुद्धा पाहिलेली नाही.

पुढे श्रीविजयपुरमला परत आल्यावर सेल्युलर जेल. तिथे सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो, कारण घड्याळ आपलं आणि सूर्य पार पूर्वेकडचा. त्या कातरवेळी आम्ही विनायकराव सावरकरांच्या कोठडीत उभे होतो. १९११ ते १९२१, दहा वर्षं. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात. दाराची कडी बाहेर भिंतीच्या कोनाड्यात अशी बसवलेली की आतल्या माणसाचा हात तिथवर पोचू नये. आणि मधोमध एक मनोरा. या मनोऱ्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत, त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. मनोऱ्यात एक पहारेकरी उभा राहिला की त्याची सगळीकडे नजर. नाना गहिवरून म्हणाले, "नुसतं डांबून ठेवणं वेगळं हो. पण सतत कुणीतरी आपल्याकडे बघतंय! यासारखी शिक्षा नाही." सगळ्यांचे रुमाल बाहेर आले. माझाही आला. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं.

बसमध्ये बसल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, "काका-काकू, उद्या पहाटे तीनला तयार राहायचं. बाराटांग. चुनखडीच्या गुहा." मग आवाज खाली आला. "आणि वाटेत नशिबात असेल तर... दिसतील."

बसभर आनंदाची लहर गेली. रुमाल अजून ओले होते.

"मी येणार नाही," सौ. म्हणाली.

"का काकू? बरं नाही का?"

"बरं आहे म्हणूनच येणार नाही."

"पैसे परत मिळत नाहीत हं."

"नकोत."

नाना मागे वळून म्हणाले, "अहो वहिनी, लांबून तर बघायचं. आपण काय खातोय त्यांना?"

"नाना, मघाशी त्या मनोऱ्याखाली तुम्ही काय म्हणालात? उद्या तो मनोरा आपण व्हायचं का?"

बस गप्प झाली. माझ्या साहेबांच्या केबिनमध्ये मी जे वाक्य सांगू शकलो नव्हतो, ते तिनं चाळीस माणसांसमोर, पैसे बुडवून, साध्या आवाजात सांगितलं होतं. संपूर्ण सहलीत कुणी साहस केलं असेल तर ते एवढंच. बाकी सगळं हवेच्या टाकीसकट कंपनीनं पुरवलेलं होतं.

आणि मी? मी गेलो. पैसे भरले होते.

जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे नजर पोचेल तिथवर गाड्या उभ्या होत्या. इथून पुढचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून गाड्यांचा तांडा करून, पोलीस बरोबर देऊन सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, मोडलं तर तुरुंग, हे सगळं फलकावर लिहिलेलं असतं आणि तोंडानंही सांगतात. माणसं ते मंगलाष्टकांसारखं ऐकतात. लक्ष सगळं पुढच्या गोष्टीकडे. नानांनी श्रमविभागणी केली. डावीकडच्यांनी डावीकडे बघायचं, उजवीकडच्यांनी उजवीकडे. मी डोळे मिटून घेतले. पण खोटं कशाला बोलू, उजवा किंचित उघडा होता.

एका वळणावर तो उभा होता. वीस-बावीस वर्षांचा असेल. "दिसला! दिसला!" असा बसमध्ये ओरडा झाला, म्हणजे वचनाचा जो फरक होता तोही मिटला. तो आमच्याकडे बघत नव्हता. आमच्या मागच्या गाड्यांकडे बघत होता. अजून किती आहेत याचा अंदाज घेत होता. हा चेहरा मी ओळखला, कारण लक्ष्मी रोडवर रोज संध्याकाळी मी तोच लावून उभा असतो. त्याला रस्ता ओलांडायचा होता.

त्याचे वाडवडील हजारो वर्षं ज्या जंगलात राहिले, त्या जंगलात पलीकडे जायला तो ताटकळला होता. का? तर चिंचवड, डोंबिवली आणि सांगलीच्या माणसांना गुहा बघायच्या होत्या म्हणून.

संध्याकाळी हॉटेलवर परतलो. सौ.नं विचारलं, "गुहा कशा होत्या?"

"अंधार होता."

"आणि?"

"एक दिसला."

"त्याला तुम्ही दिसलात का?"

यावर गेले कित्येक महिने मी उत्तर शोधतो आहे.

नानांकडे मात्र उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर, "आपण काय त्रास देतो? काचेतून बघतो." नाना, २०१२ साली एका ब्रिटिश वृत्तपत्रानं त्या बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत उघड केली, ते काचेतून बघणाऱ्यांपैकीच कुणाच्या तरी हौसेसाठी होतं. माशाला पाव टाकायचा नाही हे आम्हाला कळतं आणि माणसाला बिस्किट टाकायचं नाही हे फलक लावून सांगावं लागतं! आणि आपल्याबरोबर आपली दुखणीही जातात. जंगलाबाहेर त्यांचं येणं-जाणं सुरू झालं १९९७-९८ च्या सुमारास. १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे गोवर म्हणजे पोराला आठवडाभर शाळेतून सुट्टी. ज्या समाजानं तो कधी पाहिला नाही, त्याचं काय होतं हे त्याच बेटांनी पाहिलेलं आहे.

दुसरं उत्तर, "त्यांना मुख्य प्रवाहात आणायला नको का?" नाना, आपल्या सोसायटीत मुख्य प्रवाह उन्हाळ्यात दिवसाआड येतो, त्यासाठी टँकर कोण मागवतं हे आपण जाणतो. पण विनोद सोडा. हा प्रयोग होऊन गेला आहे. इंग्रजांनी १८५८ साली तिथे कैद्यांची वसाहत केली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते असा अंदाज आहे. त्यांना सुधारायला 'अंदमान होम' काढली. रोगराई आली, १८७७ साली गोवर आला. आज ते लोक पन्नास-साठ उरले आहेत. २०१० च्या २६ जानेवारीला बोआ सीनियर नावाच्या आजी वारल्या आणि 'बो' भाषा बोलणारं जगात कुणी उरलं नाही. मराठी मरते आहे म्हणून आपण वर्षाला चार परिसंवाद करतो, नाना. त्या आजींना शेवटची काही वर्षं आपल्या भाषेत हाक मारायलाही माणूस नव्हतं.

जारवा काही शेच आहेत. आपल्या चार इमारती भरणार नाहीत. 'जारवा' हे नावही त्यांचं नव्हे. शेजारच्या जमातीनं ठेवलेलं, अर्थ म्हणे 'परके'. ते स्वतःला 'अंग' म्हणतात, म्हणजे माणसं. म्हणजे आपण त्यांना बघायला जातो, ते परके म्हणून. ते मात्र तिथे माणसं म्हणून राहत असतात.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे, आणि ते मी मान्य करतो. "रस्ता तिथल्या रहिवाशांना लागतो." लागतो. उत्तरेकडच्या मायाबंदर, दिगलीपूरच्या माणसाचं पोर रात्री आजारी पडलं तर त्यानं काय करायचं? त्याची एसटी जाऊ दे, रुग्णवाहिका जाऊ दे, तांदळाचा ट्रक जाऊ दे. डॉक्टरही जाऊ दे. १९९६ साली पाय मोडलेल्या एका जारवा मुलाला सरकारी इस्पितळात बरं करून परत पाठवलं होतं, त्याला कोण नावं ठेवील? पण त्या रांगेत आमची बस कशाला? सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली रस्त्याचा तो भाग बंद करायला सांगितला होता. २०१३ साली पर्यटकांना काही आठवडे अडवलं, पुन्हा सोडलं. २०१७ साली बाराटांगसाठी समुद्रमार्गही सुरू केला. तरी पहाटे तीनला बसा उठतातच. कारण नाना, आपल्याला गुहा बघायच्याच नसतात. गुहेच्या तिकिटावर आपण माणसं बघून येतो. बंदी न्यायालयानं घालावी, फलक पोलिसांनी लावावा, आणि आपण फक्त काचेला नाक लावावं! सरकारला काय करायचं ते करो. पण पैसे भरताना "बाराटांगचा रस्ता वगळून किती?" एवढं विचारायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागते? दहा जणांनी विचारलं तर पत्रकातली ती ओळ आपोआप जाईल. सहल कंपन्या आपल्या जिभेसाठी अंदमानात अळूची भाजी करतात, मनासाठी एवढं करणार नाहीत?

परवा नानांचे मेहुणे आले होते. तेही डिसेंबरात निघालेत. चहा घेतला, बशी खाली ठेवली, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय हो, दिसले का?"

"नाही," मी म्हटलं, "आम्हीच दिसलो."

त्यांना काही कळलं नसावं. पण आतून सौ.नं त्यांना दुसरा कप पाठवला, आणि आमच्याकडे पाहुण्याला दुसरा कप देण्यामागे काहीतरी समजावून सांगण्याचा बेत असतो.