इंग्रजीची प्रगती कोठे अडते?

सन 2000 मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्यानंतर दहा-दहा वर्षे तो विषय शिकूनही पेठ-सुरगाणा तालुक्यांकडून नाशकास आलेला विद्यार्थी इंग्रजीत अर्जाच्या चार ओळी लिहिताना अडखळत असेल, तर तो दोष त्याच्या बुद्धीचा नसून आपल्या अध्यापनपद्धतीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. धड्याचा ओळीओळीने तर्जुमा सांगितला जातो, गाइडातील उत्तरे वहीत उतरतात आणि परीक्षा पार पडते; परंतु स्वतःचे एक वाक्य रचण्याचा, ते चुकण्याचा आणि गुरुजींच्या लाल शाईने सुधारून घेण्याचा प्रसंग त्या मुलावर क्वचितच येतो. शिक्षणाचे माध्यम मराठीऐवजी इंग्रजी करणे हा त्यावरील इलाज नव्हे. ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिणारे वि. वा. शिरवाडकर याच नाशकात शिकले, आणि इंग्रजीच्या व्यासंगापायी त्यांना मायबोलीशी फारकत घ्यावी लागली नाही. 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ज्या नगरीत आहे, तेथील पालकांनी शाळेकडे गुणपत्रिकेइतक्याच आग्रहाने विचारावे : आमच्या मुलाने या आठवड्यात स्वतःच्या मनाने इंग्रजीत काय लिहिले, आणि ते कोणी तपासले?